नुसते ओठ हलवा

आमच्या इमारतीच्या गाण्याच्या ग्रुपमध्ये मी मागच्या रांगेत, अगदी डावीकडे उभा असतो आणि गात नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण बघणाऱ्याला वाटतं मी गातो. माझे ओठ हलतात, भुवया वर जातात, चढत्या ओळीला मी टाचाही किंचित उचलतो. फक्त आवाज काढत नाही. तशी मला सक्त ताकीद आहे, आणि ताकीद देणारी बाई माझी बायकोच असल्यामुळे तिच्याविरुद्ध अपील कुठे करायचं, हे मला सरकारी नोकरीत आयुष्य घालवूनही कळलेलं नाही.

दरवर्षी वर्षअखेरच्या सुट्ट्यांमध्ये नगरपालिका समुद्राकाठच्या मैदानावर गाण्यांचा कार्यक्रम करते. आजवर त्याला बाहेरचा ऑर्केस्ट्रा यायचा. चमकत्या कोटातला एक माणूस धुरातून प्रकट व्हायचा, सगळ्या गावाला "आवाज येतोय का?" असं विचारायचा, आणि गाव कानात बोटं घालून "येतोय" म्हणायचं. या वर्षी ऑर्केस्ट्रावाल्यांनी ऐनवेळी दुसऱ्या गावाची सुपारी घेतली, तेव्हा नगरपालिकेला एकदम स्थानिक कलावंतांचा कळवळा आला. ज्याला गायचंय त्याने नाव द्यावं, असं जाहीर झालं. नीट झालं तर दरवर्षी स्थानिकांनाच संधी, नाही झालं तर पुढच्या वर्षी पुन्हा कोट आणि धूर.

हिने पहिल्याच दिवशी नाव दिलं. ही वीज कार्यालयाच्या तक्रार खिडकीत बसते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोक तिला आपल्या घरातला अंधार सांगत असतात. लग्नाआधी ही गाणं शिकत होती. नंतर नोकरी, मुलं, सासूबाईंचं आजारपण असं करत करत ते गाणं स्वयंपाकघरापुरतं उरलं, आणि तेही कुकरची शिट्टी झाली की थांबायचं. मी विचारलं, एवढ्या लोकांसमोर कशाला? ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आयुष्यभर लोकांचं ऐकत आले. एकदा लोकांनी माझं ऐकावं, एवढंच."

ती इमारतीतला ग्रुप जमवायला लागली, त्यात मी सगळ्यात आधी नाव घातलं. माझ्या पाठोपाठ दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर आले, ते पेशंटला सांगतात तसा स्वतःच मोठ्ठा आ करून गातात. शेजारच्या पोस्टातल्या बाई आल्या. त्या निवृत्त झाल्यात, पण प्रत्येक शब्दावर अजून शिक्का मारल्यासारखा जोर देतात. आणखी सात-आठ जण आले. वरच्या मजल्यावरचे चेअरमन गात नाहीत, पण इमारतीत काहीही चाललेलं असलं तरी देखरेख करणं हा ते आपला जन्मसिद्ध हक्क समजतात, म्हणून तेही खुर्ची घेऊन आले.

एवढी माणसं कोणाच्याच घरात मावेनात. गच्चीवर समुद्राचा वारा पहिली ओळ दुसऱ्या ओळीआधीच उडवून न्यायचा. शेवटी खाली पार्किंगमध्ये, स्कूटरींच्या मधे, पंपाच्या खोलीला लागून जागा ठरली. संध्याकाळी नळाला पाणी यायचं, टाकी भरायला पंप सुरू व्हायचा, आणि तीच आमची सरावाची वेळ असायची.

त्या पंपाविषयी सांगायला हवं. खाऱ्या हवेने त्याचं सगळं अंग सोललेलं होतं. सुरू झाला की "घूंऽऽ" असा एकच आवाज, ना कमी ना जास्त, टाकी भरेपर्यंत. आमचं घर तळमजल्यावर, आणि आमच्या झोपायच्या खोलीची आणि पंपाच्या खोलीची भिंत एकच. लग्न होऊन या घरात आलो तेव्हापासून मी त्या आवाजाच्या शेजारी उशी ठेवून झोपत आलो आहे.

तर सरावाचा पहिला दिवस. आम्ही सगळे गायलो. दोन ओळी झाल्यावर हिने हात वर करून थांबवलं आणि एकेकासमोर उभी राहून ऐकत माझ्यापर्यंत आली. मी जीव ओतून गायलो. ती म्हणाली, "तुम्ही अख्खी ओळ एकाच सुरात म्हणताय."

"सूर चुकतोय का?"

"चुकत नाही हो. हलतच नाही."

मग तिने तो निकाल दिला. "तुम्ही असं करा, नुसते ओठ हलवा." चारचौघांत, पोस्टातल्या बाईंसमोर. डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तुमचं तोंड उघडतं मात्र फार छान, असं सांत्वन केलं. एरवीसुद्धा मला गुणगुणायची सवय आहे असं हिचं म्हणणं आहे. दाढी करताना, फाइल चाळताना, आणि विशेषतः घाबरलो की. "बंद करा ते" हे वाक्य मी आमच्या घरात इतक्यांदा ऐकलंय की दारावरच्या पाटीवर माझ्या नावाखाली ते लिहायला हरकत नाही. मला स्वतःला ते गुणगुणणं कधी ऐकू आलेलं नाही, त्यामुळे तो आरोप मी अजून मान्य केलेला नाही.

पण मी दुखावलो होतो. दुखावलेला माणूस दोनच गोष्टी करतो, एक तर रुसतो, नाही तर समाजकार्याला लागतो. रुसून आमच्या घरात काही उपयोग नसतो, कारण ते कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून मी ठरवलं की ज्या गाण्यात आपल्याला जागा नाही, त्या गाण्याची आपण सेवा करायची. आणि सेवा करण्याजोगी गोष्ट तर भिंतीपलीकडे घूंऽऽ करत होती. ही बिचारी त्या पंपावर आवाज चढवून शिकवते. तो पंप गप्प करून दाखवायचा, आणि तेही हिला आधी न सांगता.

हिला सोडून सगळ्यांना सांगावं लागलं. चेअरमन म्हणाले, ग्रीस घाला. घातलं. पंप तेवढ्याच जोरात ओरडला, फक्त माझा शर्ट गेला. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, खाली रबर सरकवा. सरकवलं, तर पंप थरथरत थरथरत दाराकडे चालायला लागला. डॉक्टरांचं मत त्यांच्या धंद्याला साजेसं होतं, की दुखणारी गोष्ट मुळापासून काढलेली बरी. शेवटी प्लंबरला बोलावलं. तो पंपाभोवती एक फेरी मारून म्हणाला, "कुणी बसवलाय हा? सगळं चुकीचं केलंय." तो त्यानेच बसवला होता, याची चेअरमननी त्याला आठवण करून दिली. तो जराही न डगमगता म्हणाला की तेव्हा तो नवीन होता. तो म्हणजे पंप की प्लंबर, हे आम्ही विचारलं नाही. एकंदरीत निष्कर्ष असा की पंप बदलायला हवा, आणि पंप बदलायचा तर रस्त्यावरून येणारं पाणी बंद करायला हवं, आणि त्यासाठी पाणीपुरवठा खात्याची परवानगी हवी.

पाणीपुरवठा खात्यात आवक टेबलावर मीच बसतो.

हे ऐकून सगळ्यांना वाटलं, चला, काम झालं. ज्यांना असं वाटलं त्यांनी कधी खात्यात काम केलेलं नाही. मी घरी बसून सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला, दुसऱ्या दिवशी तो माझ्याच टेबलावर आला, आणि मी बघतो तर सोबत इमारतीचा नकाशा जोडलेला नव्हता. मला फार वाईट वाटलं. पण नियम तो नियम. मी वर "त्रुटी" असा शेरा मारून अर्ज परत पाठवला आणि संध्याकाळी घरी तो हातात पडल्यावर खात्याला मनसोक्त शिव्या दिल्या. नकाशा जोडून पुन्हा दिला. तो साहेबांपर्यंत गेला. साहेबांनी मला आत बोलावून विचारलं, "अर्जदार माणूस कसा आहे? आरडाओरडा करणारा आहे का?" मी नम्रपणे म्हणालो, नाही, सज्जन गृहस्थ आहेत. "मग घाई नाही," असं म्हणून साहेबांनी अर्ज खालच्या ढिगात सरकवला. स्वतःच्या तोंडाने स्वतःचं काम बिघडवल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नसेल.

अखेर परवानगी मिळाली तेव्हा कार्यक्रम परवावर आला होता. सकाळीच पाणी बंद झालं. ही ऑफिसला गेली आणि मी रजा काढली. मग दिवसभर सगळी इमारत बादल्या घेऊन जिन्यातून माझ्याकडे अशी बघत होती की जणू समुद्रही मीच खारट केलाय. पण दुपारपर्यंत नवा पंप बसला. काय पंप होता तो! चालू आहे की बंद हे बघायला त्याला हात लावावा लागायचा. जुना पंप भंगारवाला हातगाडीवर घालून घेऊन गेला, आणि मी अंघोळ करून, भांग पाडून संध्याकाळची वाट बघत बसलो.

संध्याकाळी सगळे जमले. भिंतीपलीकडे पंप चालू होता आणि चिटपाखराचाही आवाज नव्हता. मी मागच्या रांगेत, भेट दिलेल्या माणसाचं हसू घेऊन उभा. हिने हात वर केला, खाली आणला, आणि पहिली ओळ सुरू झाली. म्हणजे प्रत्येकाची वेगळी सुरू झाली. पोस्टातल्या बाई वर गेल्या, डॉक्टर तळघरात उतरले, बाकीचे मधल्या मजल्यांवर जिथे जागा मिळेल तिथे थांबले. हिने पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर पोस्टातल्या बाई मधेच थांबून इकडेतिकडे बघायला लागल्या, चष्मा हरवल्यावर माणूस बघतो तशा.

"आज काय झालंय तुम्हा सगळ्यांना?" ही म्हणाली.

तेवढ्यात चेअरमन खुर्चीतून उठले. गौप्यस्फोट करायची संधी ते कधी सोडत नाहीत. त्यांनी अभिमानाने पंपाच्या खोलीचं दार उघडून दाखवलं आणि म्हणाले, "यांनी तुमच्यासाठी बदलून घेतला. ऐका, आहे का काही आवाज?"

ही त्या नव्या पंपाकडे बघत राहिली. मग ग्रुपकडे बघितलं, मग माझ्याकडे. हळूहळू सगळ्यांच्याच डोक्यात प्रकाश पडला. इतके दिवस ही सगळी मंडळी त्या पंपाच्या घूंऽऽवरून सूर धरत होती. तो पायाखालच्या फरशीसारखा होता, म्हणून कोणाच्या लक्षात आला नाही. हिच्यासुद्धा नाही. मी ओरडून घ्यायची तयारी केली होती. पण ती ओरडली नाही. फार हळू आवाजात म्हणाली, "मला वाटलं होतं, मी यांना शिकवलं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

रात्री मेहुण्याला फोन केला. तो दुसऱ्या दिवशी की-बोर्ड घेऊन आला. हिने आठवून तो सूर म्हणून दाखवला, त्याने एक पांढरी पट्टी दाबली, शेजारची काळी दाबली, पुन्हा पांढरी दाबली आणि मान हलवली. "भावोजी, तुमच्या पंपाचा सूर पट्टीवर नाही, फटीत आहे." तरी काळ्या पट्टीवर सराव केला. सुरुवात ठीक व्हायची. पण दोन ओळी झाल्या की सगळी मंडळी सवयीने घसरत घसरत त्या फटीत जाऊन बसायची, आणि की-बोर्ड एकटाच वर राहायचा.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मी कोणाला न सांगता भंगारवाल्याकडे गेलो. आमचा पंप फुटक्या बाथटबखाली सापडला. तो हातगाडीवर घालून मी स्वतः ढकलत समुद्राकाठच्या मैदानावर नेला. नगरपालिकेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांनी तो पाहिला आणि विचारलं, हे काय. मी म्हटलं, आमच्या ग्रुपचं वाद्य. त्यांनी कागद काढला. तारेचं, वाऱ्याचं की ठोकायचं? मी म्हटलं, पाण्याचं. पाण्याच्या वाद्याला रकाना नव्हता. आमच्या खात्याचाच माणूस वाटावा इतक्या शांतपणे त्यांनी सांगितलं की रकाना नाही म्हणजे वाद्य नाही. मी हात जोडले. माझ्या बायकोचं आयुष्यभराचं काहीतरी यात अडकलंय, असं मी त्यांना सांगितलं, आणि ते खरंच होतं. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग "इतर" या रकान्यात लिहिलं "पंप", आणि वाजवणाऱ्याचं नाव विचारलं. मी घाईत म्हटलं, "लिहा, तळमजल्यावरचे गृहस्थ."

स्टेजमागच्या इलेक्ट्रिशियनने तो जोडून दिला. बटण दाबलं. पाण्याशिवाय पंप घूंऽऽ करत नाही, किंचाळतो, हे मला, पाणीपुरवठा खात्यातल्या माणसाला, तेव्हा कळलं. तो एकदा किंचाळला, त्याने आतला सगळा गंजका चिखल अधिकाऱ्यांच्या बुटांवर टाकला, एक निळी ठिणगी उडाली आणि त्याने कायमचा निरोप घेतला. जाताना तो स्टेजवरचा डावीकडचा प्लगही घेऊन गेला. इलेक्ट्रिशियन म्हणाला, बघतो. हा शब्द मी रोज स्वतः वापरतो, त्यामुळे त्याचा अर्थ मला ठाऊक होता.

संध्याकाळी मैदान भरलं. दिव्यांच्या माळा वाऱ्यावर हलत होत्या, मागे लाटांचा आवाज होता. आमच्या आधी बंदरावरच्या कामगारांचा ग्रुप असा काही गायला की लोक उभे राहिले. मग आमचं नाव पुकारलं गेलं. आम्ही स्टेजवर रांगा केल्या, ही लोकांकडे पाठ करून आमच्यासमोर उभी राहिली. तिने आवडीची निळी साडी नेसली होती. तिने मेहुण्याला मानेने खूण केली. त्याने पट्टी दाबली. काहीच वाजलं नाही. त्याने पुन्हा दाबली, वायर हलवली, आणि डावीकडच्या प्लगकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

हिचा हात वर तसाच राहिला होता. ती एकेकाच्या तोंडाकडे बघत होती की कोणाकडे तरी सूर आहे का, आणि कोणाकडेच नव्हता, त्या क्षणी तिच्याकडेही नव्हता. पोस्टातल्या बाईंनी डोळे मिटून घेतले. खाली खुर्च्या करकरल्या, कोणीतरी खोकलं. तक्रार खिडकीतून ही संध्याकाळी जो चेहरा घेऊन घरी येते, तोच चेहरा तिथे होता, फक्त या वेळी तक्रार माझ्यामुळे होती. मला तिची फार दया आली आणि स्वतःची त्याहून जास्त भीती वाटली.

आणि अचानक पोस्टातल्या बाईंनी डोळे उघडले. त्यांची मान ताठ झाली. डॉक्टरांनी आ केला. मलाही तो आवाज ऐकू आला, तोच घूंऽऽ, ना कमी ना जास्त. मला वाटलं, मेलेला पंप उठला की काय. मी वळून बघणार, तेवढ्यात लक्षात आलं की माझी छातीच थरथरतेय.

मी घाबरून तोंड बंद केलं. ताकीद म्हणजे ताकीद. आवाज थांबला तसा पुढून पोस्टातल्या बाईंचा आवाज आला, "अहो, बंद काय करताय?" हिने माझ्याकडे पाहिलं. या घरात आल्यापासून ती नजर मला पाठ आहे, तिच्यामागून "बंद करा ते" येतं. मी वाट बघितली. पण या वेळी तिच्या तोंडून आवाजच निघाला नाही. तिने नुसते ओठ हलवले.

"चालू ठेवा."

मी चालू ठेवलं. पहिली ओळ निघाली आणि सगळ्यांची एकच निघाली, पार्किंगमध्ये निघायची तशी. तीन गाणी झाली. त्या तीन गाण्यांत मी एकच सूर गायलो, तो हललाही नाही आणि चुकलाही नाही. श्वास कधी घ्यायचा हा मोठा प्रश्न होता. शेवटी पोस्टातल्या बाई शिक्का मारतात तिथे चोरून घेत गेलो. तिसऱ्या गाण्यात हिचं एकटीचं कडवं होतं. ते गाताना ती लोकांकडे वळली. माझ्या सुरावर तिचा आवाज असा वर गेला की मी इतकी वर्षं तो कुकरच्या शिट्टीला वाया घालवला याची मला लाज वाटली. डोळ्यांत पाणी आलं, पण नाक ओढायची सोय नव्हती.

टाळ्या पडल्या. त्या परक्या लोकांच्या होत्या, कारण आमची सगळी इमारत स्टेजवर होती. ही गरजेपेक्षा जरा जास्त वेळ तिथे उभी राहिली आणि मी तिला राहू दिलं. मग निवेदकाने कागदावरून आमची नावं वाचली. गायिका, गायक, की-बोर्ड, आणि शेवटी "पंपावर साथ केली, तळमजल्यावरचे गृहस्थ." लोकांनी हसत हसत पुन्हा टाळ्या वाजवल्या. मी वाकून नमस्कार केला. एवढ्या मोठ्या जनसमुदायासमोर माझा झालेला हा पहिलाच सत्कार.

घरी येताना रस्ताभर तिने माझा दंड धरला होता, जो ती एरवी रस्ता ओलांडतानासुद्धा धरत नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी सकाळी आरशासमोर दाढी करत होतो. भिंतीपलीकडे नवा पंप चालू असेल तर असेल, कळायला मार्ग नव्हता. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता. तो थांबला. मला वाटलं, आता येणार, "बंद करा ते." त्याऐवजी ही गायला लागली. कालचंच कडवं, हळू आवाजात, भांडी पुसता पुसता. कुकरची शिट्टी झाली तरी थांबली नाही. मी वस्तरा खाली ठेवला आणि पहिल्यांदाच कान देऊन ऐकलं, तेव्हा तिच्या गाण्याखाली खरंच काहीतरी घूंऽऽ करत होतं. म्हणजे आरोप खरा होता.

एवढ्यात वरच्या मजल्याची खिडकी उघडली आणि चेअरमनचा आवाज आला. "अहो तळमजला, पंप बंद करा, टाकी भरून वाहील!"

मी बंद केला नाही.